हयात मुलांचा रकाना

कुटुंबनियोजनाच्या सरकारी कागदांवर एक रकाना हमखास असतो : हयात अपत्ये किती? किती मुले झाली हा प्रश्न निराळा आणि त्यांतली जगली किती हा निराळा. बाईला शस्त्रक्रियेसाठी न्यायचे की अजून थांबायचे, हे या रकान्यातल्या आकड्यावर ठरत आले. आकडा लिहिला जातो त्या दिवशी तो खराच असतो. शस्त्रक्रिया मात्र कायमची असते. एक बदलू शकणारी गोष्ट आणि एक न बदलणारी गोष्ट यांची गाठ मारून आपल्याकडचे कुटुंबनियोजन उभे राहिले. ती गाठ कशी बसली आणि ती सोडवायची वेळ आली तेव्हा काय झाले, हे पाहायचे तर मराठवाड्याइतका बोलका प्रदेश महाराष्ट्रात दुसरा नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. नुकतेच गणपती बोळवून लोक घरी येऊन झोपले होते. किल्लारी, मंगरूळ, सास्तूर, होळी अशी गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे मेली आणि सुमारे १६ हजार जखमी झाली. ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या ठिकाणी वसवावी लागली. हे सगळे आपल्याला पाठ आहे. दर ३० सप्टेंबरला वर्तमानपत्रे ते पुन्हा छापतात. त्या ढिगाऱ्याखाली मुले गमावलेल्या आणि आधीच 'आपरेशन' झालेल्या बायांची गोष्ट मात्र त्या मजकुरात क्वचितच येते. त्यांना पुन्हा मूल हवे होते. ते का हवे होते हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ते कसे होणार होते, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर १९९३च्या बरेच आधी लिहिले गेले होते.

त्यासाठी १९७६ सालाकडे जावे लागते, आणि नांदेडकडे. आणीबाणीच्या काळात, फेब्रुवारी १९७५ ते मे १९७७, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. कडक शिस्तीमुळे लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणत. एप्रिल १९७६मध्ये केंद्राने राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. सक्तीचा कायदा करायचा असेल तर तो राज्यांनी करावा, अशी मोकळीक त्यात होती. ती मोकळीक महाराष्ट्राने इतर कोणाहीपेक्षा आधी वापरली. तीन किंवा अधिक हयात मुले असलेल्या जोडप्यांवर नसबंदीची सक्ती करणारे आणि न ऐकणाऱ्याला शिक्षा सांगणारे विधेयक आपल्या विधिमंडळाने त्याच वर्षी मंजूर केले. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेले, ती संमती मिळाली नाही, आणि आणीबाणी उठल्यावर विधेयकही मेले. नांदेडला शंकररावांच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय आहे, विष्णुपुरीच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे. पाण्यासाठी त्यांनी केलेल्या कामाबद्दल मराठवाडा त्यांचा ऋणी आहे आणि ते योग्यच आहे. या विधेयकाची आठवण मात्र फारसे कोणी काढत नाही.

कायदा झाला नाही म्हणून सक्ती झाली नाही, असे समजू नये. विधेयक येण्याच्याही आधी, जानेवारी १९७६मध्ये, बार्शीत बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना रस्त्यावरून उचलून गाडीत घातले गेले आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. बार्शी सोलापूर जिल्ह्यात येते खरी, पण लातूर-उस्मानाबादच्या माणसाला ती परकी नव्हती. लातूरचा माल नेणारी अरुंद गेजची बार्शी लाइट रेल्वे तिथूनच जाई आणि त्या बाजाराच्या बातम्या आपल्याकडच्या गावांत दुसऱ्या दिवशी पोचत. सरकारी दवाखान्याची जीप दिसली की पुरुष शेतात पळत, ही त्या वर्षाची आठवण अनेक गावांत सांगतात.

एक आकडा इथे सांगायलाच हवा. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख ६० हजार नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. पुढच्याच वर्षी एकूण आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास आला आणि त्यांत पुरुष दोन लाखांहूनही कमी होते. सरकार पडले, पुरुष सुटले आणि कार्यक्रम मात्र राहिला. मग तो कोणावर चालवायचा? मतपेटीची धास्ती पुरुषांच्या रागाची होती. बायकांच्या रागाची धास्ती कोणाला असायचे कारण नव्हते.

त्याआधीचा काळ वेगळा होता, हे विसरून चालणार नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले ते १९२१मध्ये आणि १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' काढले ते १९५३पर्यंत. त्यांचा सारा भर तात्पुरत्या साधनांवर आणि स्त्रीच्या मर्जीवर होता. हवे तेव्हा वापरा, नको तेव्हा सोडा. स्वतंत्र भारताचा सरकारी कार्यक्रम १९५२ला सुरू झाला, तोही आरंभी जपूनच. पुढे आकडे गाठायची घाई आली. साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईत डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे थाटली, तर १९७१ला केरळात एर्नाकुलमच्या एका शिबिरात ६० हजारांहून अधिक पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या. म्हणजे तोवर 'नसबंदी' हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पुरुषच यायचा. १९७७नंतर तो शब्द जवळजवळ पुसला गेला. 'आपरेशन' म्हणजे बाईचे, हे आपल्याकडे इतके ठरून गेले की कोणत्या अवयवाचे हे सांगायचीही गरज उरली नाही.

या बदलाला तंत्राची साथ मिळाली. सत्तरच्या दशकात पोटाला छोटे छिद्र पाडून दुर्बिणीतून गर्भनलिकांवर रबरासारखे कडे चढवण्याची पद्धत आली. अमेरिकेत काम करणारे कोरियन डॉक्टर इन्बे यून यांचे हे कडे. ऐंशीच्या दशकात ती शिबिरांतून खेड्यापाड्यांत पोचली आणि लोकांनी तिचे बारसे 'बिनटाक्याची' असे केले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पडवीत सतरंजीवर ओळीने झोपलेल्या बाया, उशाशी सासू नाहीतर आई, कडेवर धाकटे लेकरू, हे हिवाळ्यातले चित्र त्या पिढीने पाहिले आहे. मार्चअखेर जवळ आला की परिचारिका, ग्रामसेवक, तलाठी, इतकेच काय शिक्षकही 'केस' शोधत फिरत. टार्गेटची ही पद्धत एप्रिल १९९६मध्ये कागदोपत्री संपली. किल्लारीच्या बाया तिच्या ऐन भरातल्या होत्या.

त्या तयार कशा झाल्या? केवळ दबावाने, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. जुन्या बायांचा शस्त्रक्रियेला विरोध होता तो अडाणीपणाचा नव्हता, हिशेबाचा होता. १९७१मध्ये देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधी मरत. चार झाली तर दोन-तीन राहतील, हे म्हाताऱ्यांचे गणित अनुभवातून आले होते. १९९३पर्यंत तो दर ७४वर आला. लसी आल्या, हगवणीला साखर-मिठाचे पाणी आले, रस्ते आले. मुले जगतात असा भरवसा बसला तशा सुना शस्त्रक्रियेला आपणहून जाऊ लागल्या. १९९२-९३च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर दहा विवाहित स्त्रियांपैकी चौघींची नसबंदी झालेली दिसते. लग्न सोळा-सतराला, वीस-बाविसाव्या वर्षापर्यंत दोन-तीन लेकरे, त्यात एक मुलगा झाला की आपरेशन. पंचविशीच्या आत बाईच्या आयुष्यातला हा अध्याय मिटलेला असे. ज्यांनी सरकारचे म्हणणे ऐकले, त्याच घरांत मुले कमी होती. भूकंपात त्याच घरांतला रकाना सर्वांत लवकर शून्यावर आला.

किल्लारी परिसरातली घरे माळवदाची. दोन-दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकडावर रचलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, पण भिंत फाकली की अख्खा थर खाली. बऱ्याच घरांत पुरुष ओसरीवर, अंगणात, शेतावर किंवा देवळाच्या पारावर झोपलेले होते आणि बाया-लेकरे आत, भिंतीलगत. मृतांत बायका आणि मुलांचे प्रमाण जास्त होते, हे नंतरच्या अभ्यासांनीही नोंदवले. अनाथ झालेल्या मुलांकडे समाजाचे लक्ष लगेच गेले. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, ते काम आजही आदराने सांगितले जाते. उलट बाजू, म्हणजे मुलांवाचून उरलेले आईबाप, ही पुनर्वसनाच्या तक्त्यात बसणारी वर्गवारी नव्हती. घर पडले तर घर देता येते. त्या आईबापांना काय द्यायचे?

काही महिन्यांतच याचे उत्तर त्या बायांनीच मागायला सुरुवात केली : नळ्या परत जोडून द्या. वैद्यकीय भाषेत याला रिकॅनलायझेशन म्हणतात. या शस्त्रक्रिया करून घ्यायला बाया पुढे आल्या. ज्या यंत्रणेने 'कायमचे' म्हणून सांगितले होते, तिच्याच दारात त्या 'कायमचे'चा अर्थ विचारायला उभ्या राहिल्या. इथून पुढची गोष्ट धीराची कमी आणि सेंटिमीटरची जास्त आहे.

गर्भनलिका साधारण दहा सेंटिमीटर लांबीची असते. स्त्रीबीज आणि पुरुषबीज तिथेच भेटतात. नसबंदीत ती अडवतात, पण अडवण्याचे प्रकार निरनिराळे आहेत. पोट उघडून केलेल्या जुन्या पोमेरॉय पद्धतीत नळीचा एक वळसा उचलून बांधतात आणि कापतात. दुर्बिणीतून कडे चढवले तर दोन-तीन सेंटिमीटरचा वळसा रक्त न मिळून सुकतो. विजेने जाळले तर त्याहून जास्त भाग निकामी होतो. पुढे जोडायची झाली तर उरलेली नळी चार सेंटिमीटरपेक्षा जास्त असली पाहिजे आणि दोन्ही टोकांचा व्यास जुळला पाहिजे. मधल्या अरुंद भागात कापलेली असेल तर जोड चांगला बसतो. टोकाकडच्या झालरीजवळ कापली असेल, किंवा झालरच काढून टाकली असेल, तर आशा जवळजवळ नाही. हे काम केसापेक्षा बारीक धाग्याने, भिंगाखाली, तासन्‌तास चालते. अनुभवी हातांत निम्म्याहून अधिक बायांना गर्भ राहू शकतो. तरीही नळीतच गर्भ रुजण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त राहतो, आणि नळी फुटली तर जीव जातो.

म्हणजे एखादीला पुन्हा मूल होणार की नाही, हे पाच-सात वर्षांपूर्वीच्या एखाद्या शिबिरात ठरून गेले होते. त्या दिवशी डॉक्टरने नळी कुठे धरली, किती कापली, कडे चढवले की जाळले, घाईत दोन कडी चढली का? दिवसाला पन्नास-पन्नास शस्त्रक्रिया करणाऱ्याला ही बाई कधी परत येईल असे वाटलेही नसणार. वाटावे तरी का? त्याच्या वहीत ती एक आकडा होती आणि तो आकडा पूर्ण झाला होता. माझ्या मते साऱ्या कार्यक्रमातला सर्वांत मोठा दोष हाच. शस्त्रक्रिया उलटवावी लागू शकते हे गृहीत धरून ती करण्याची सवयच कोणाला लावली गेली नाही. तसे करायला खर्च काही नव्हता. मध्यभागी, कमीत कमी नळी खराब करून ती बांधायची, एवढेच.

त्यात वयाची भर. पंचविशीत शस्त्रक्रिया झालेली बाई भूकंपावेळी तिशीत असेल तर वेळ होती. पस्तिशी ओलांडलेली असेल तर नळ्या नीट जुळूनही बीज साथ देईलच असे नाही. चाळिशीच्या बाईसाठी तर तो प्रश्न विचारण्याआधीच संपलेला होता. टेस्ट ट्यूबचा मार्ग नळ्यांवाचून चालतो खरा. १९७८ला इंग्लंडात लुईस ब्राउन जन्मली, त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी तसाच दावा केला आणि सरकारी समितीने त्यांची हेटाळणी केली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ऑगस्ट १९८६मध्ये हर्षा जन्मली. पण १९९३-९४मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या किल्लारीच्या बाईला हे सगळे चंद्रावरचे होते. लातूरला विवेकानंद रुग्णालयासारखी १९६६पासूनची नावाजलेली संस्था होती, अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय होते, नांदेडचे १९८८ला सुरू झाले होते. लातूर शहराला स्वतःचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते मात्र २००२मध्ये. भिंगाखालची सूक्ष्म शस्त्रक्रिया म्हणजे मोठे शहर, मुक्काम, सोबतीला माणूस आणि पुन्हा पुन्हा तपासणी. निम्मे घर ढिगाऱ्याखाली गेलेल्या बाईकडे सोबतीचे माणूस कुठून असणार?

इथे पुरुषांचा विषय परत येतो. पुरुषाची नसबंदी उलटवणे तुलनेने सोपे असते. पोट उघडावे लागत नाही, जोडायचा भाग कातडीखाली हाताला लागतो. अमेरिकेतल्या काही केंद्रांनी मिळून केलेला आणि १९९१ला प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास सांगतो की नसबंदीला तीन वर्षे व्हायच्या आत ती उलटवली तर ७६ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. पंधरा वर्षे उलटून गेल्यावरही ३० टक्क्यांत राहिला. शिवाय बीज नवऱ्याचे आणि नळ्या बायकोच्या शाबूत, म्हणजे बायकोला चिरायचे कारण नाही. बार्शीच्या रस्त्यावर माणसे उचलली गेली नसती, कार्यक्रम रागाने बायकांकडे ढकलला गेला नसता, तर किल्लारीच्या कित्येक घरांत हा प्रश्न तुलनेने सोप्या शस्त्रक्रियेने सुटण्याची शक्यता होती. इतिहासात 'जर-तर'ला किंमत नसते असे म्हणतात. पण धोरणाचा हिशेब मांडताना ती असते.

आणखी एक वाट होती, पुरुषांसाठी. भूकंपानंतर ज्यांच्या बायका गेल्या त्यांनी बरीच लग्ने लवकर केली, कित्येकांनी वयाने खूप लहान मुलींशी. ज्यांच्या बायका जगल्या पण 'आपरेशन झालेल्या' होत्या, त्यांच्या घरातही ही कुजबुज शिरली नसेल असे कोण म्हणेल? कायद्याने दुसरी बायको करता येत नाही, तरी गावात करता येते, हे आपण जाणतो. म्हणून नळ्या जोडून मागणाऱ्या बाईच्या मागणीत मुलाची ओढ होती, तसा संसार टिकवण्याचा घोरही होता. तो घोर तिच्यावर आला कारण तिने शस्त्रक्रिया करून घेतली होती. आणि ती करून घेतली होती तीही त्याच घराच्या भल्यासाठी.

तात्पुरत्या साधनांचे काय? निरोध १९६८पासून होता, 'माला'च्या गोळ्या ऐंशीच्या दशकात आल्या, तांबी होतीच. यांतले कोणतेही सोडले की बाई पुन्हा आई होऊ शकते, तांबी काढल्यावर तर लगेचच. पण मराठवाड्यात तांबीविषयीचा गैरसमज जबरदस्त : ती पोटात चढते, पिशवी सडते, पुढे मूलच होत नाही. गंमत म्हणावी की दैव, न उलटणाऱ्या शस्त्रक्रियेला लोक सरावले आणि उलटणाऱ्या साधनाला भ्यायले. त्यात यंत्रणेचाही वाटा होता. तांबी बसवलेल्या बाईकडे परत परत जावे लागते, तिचे रक्तस्रावाचे गाऱ्हाणे ऐकावे लागते. शस्त्रक्रिया झालेल्या बाईकडे परत जायचे काम नसते. २०१७पासून सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' हे तीन महिन्यांचे इंजेक्शन मिळते. ते सोडल्यावर पाळी आणि गर्भधारणा रुळावर यायला सात ते दहा महिने लागतात. हे आधी नीट सांगितले नाही तर जुनाच गैरसमज नव्या औषधाला चिकटतो, आणि नांदेड-लातूरच्या ओपीडीत तसे चिकटलेला आढळतो.

किल्लारीनंतर हाच प्रसंग दुसऱ्यांवरही आला. डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडू सरकारने मुले गमावलेल्या आयांसाठी सरकारी रुग्णालयांत नळ्या जोडण्याची शस्त्रक्रिया मोफत केली आणि खासगीत केल्यास २५ हजार रुपयांपर्यंत खर्च दिला. मे २००८मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात शाळा कोसळून एकुलती एक मुले गेली, तेव्हा तिथल्या सरकारनेही नसबंदी उलटवण्याची मोफत सोय केली. एकापुढे दुसरे नको म्हणणारे तेच सरकार. तिन्ही ठिकाणी एक साम्य दिसते. मूल परत मागायला आली ती बहुतेक ठिकाणी आईच, कारण नसबंदी तिचीच झाली होती.

२०१९ ते २१च्या पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचा आकडा एका टक्क्याच्याही आत आहे. २०१४ला छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात तेरा बाया दगावल्या, त्यानंतर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरे बंद करायला सांगितले. शस्त्रक्रिया फसून दिवस गेले तर सरकारी योजनेत भरपाई मिळते. नियमाप्रमाणे शस्त्रक्रियेच्या वेळी बाईचे वय बावीसहून कमी नसावे आणि तिला एक वर्षाहून मोठे असे निदान एक मूल असावे. संमतीपत्रात आता असे वाक्यही येते की ही पद्धत कायमची आहे, ती उलटवायला मोठी शस्त्रक्रिया लागते आणि तिच्या यशाची हमी देता येत नाही. बाई त्याखाली सही करते, बऱ्याचदा अंगठा. लातूर आणि नांदेडच्या दवाखान्यांच्या गल्ल्यांत टेस्ट ट्यूब बेबीच्या पाट्या लागल्या आहेत. २०२१च्या कायद्याने त्या उपचारासाठी बाईच्या वयाची मर्यादा पन्नास ठेवली आहे. त्या पाट्यांखाली बसलेल्या बायांमध्ये आपरेशन झालेली, नंतर अपघातात किंवा आजारपणात लेकरू गेलेली एखादी असतेच. तिच्या केसपेपरवरचा पहिला प्रश्न आजही तोच असतो : हयात अपत्ये किती?